गुरुवारचा अभ्यास : छपरावरचा प्रसाद





उधना, लिंबायत, डिंडोलीकडचे आपण बरेच जण मूळचे धुळे-नंदुरबारचे. मे महिन्यात आमच्याकडे शिंदखेड्याकडून वहिनी आल्या होत्या. तांदूळ धुतलेलं पाणी आम्ही मोरीत ओतायला गेलो, तर त्यांनी हातच धरला. "ताई, राहू द्या, तुळशीला घालू." आम्ही वरमलो. त्यांच्याकडे टँकरची वाट बघण्यात सकाळ जाते, आणि आमच्या सोसायटीची टाकी रोज भरून वाहते!

तापीमाई तीच. सारंगखेडा, प्रकाशा करत ती उकाई धरणात येते आणि मग सुरतेला. मग गावं कोरडी का? नदी खाली, गावं उंचावर. समुद्राकडून येणारे ढग सह्याद्रीवर रिते होतात. सुरतेला वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस, तिकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. जमिनीखाली काळा कातळ, त्यात पाणी फारसं साठत नाही. त्यामुळे विहिरी लवकर आटतात.

पण पाऊस कमी म्हणजे पाणी नाहीच, असं नव्हे. आता हिशेब करू या. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५० चौरस मीटरच्या पत्र्यावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर २५,००० लिटर. थोडं वाया गेलं तरी २०,००० हाती येतं. पिण्या-स्वयंपाकाला घरात रोज ४० लिटर धरले, तर उन्हाळ्याच्या चार महिन्यांना लागतात ४,८०० लिटर. म्हणजे ५,००० लिटरची एक झाकणाची टाकी पुरे.

पथ्यं तीन : पावसाळ्याआधी छप्पर झाडावं, पहिल्या एक-दोन सरींचं पाणी टाकीत घेऊ नये, पाणी गाळून, उकळून प्यावं.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे दुष्काळी गाव. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर तिथे आधी पाऊस मोजतात, मग कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतात. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस नाही. यालाच आपण संयम म्हणतो ना?

प्रसादाचा कण आपण खाली सांडू देत नाही. पाऊसही प्रसादच आहे.

या आठवड्याची सेवा : गावच्या घरी फोन करून छपराचं माप विचारा आणि वरचा हिशेब मुलांकडून करून घ्या. टाकीसाठी भावंडांनी मिळून वर्गणी काढावी. आम्ही माहेरापासून सुरुवात केली आहे. आणि हो, सोसायटीची टाकी भरली की मोटर बंद करायची पाळी लावून घ्या.