दिव्याच्या बटणामागील न्यूट्रलचा सांधा

घरगुती वीजजोडणीत धोक्याची म्हणून ओळखली जाते ती फेजची तार. न्यूट्रल तार निरुपद्रवी, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. या समजामुळे बटणांच्या बोर्डामागे दडलेल्या काळ्या तारांच्या सांध्याकडे कोणी फारसे पाहत नाही. शाळा, समाजमंदिरे, ग्रामपंचायतीची कार्यालये अशा इमारतींत तुकड्यातुकड्याने दुरुस्त्या होत जातात व तेथे हे दुर्लक्ष साचत राहते.

रचना साधी आहे. २३० व्होल्टची फेज तार बटणातून दिव्याकडे जाते; न्यूट्रल मात्र बटणाला न शिवता दिव्याला मिळते. बोर्डावर प्लगसाठी सॉकेट असल्यास न्यूट्रल तेथवर आणावीच लागते. म्हणून खोलीतील सर्व दिव्यांच्या व पंख्याच्या न्यूट्रल तारा बहुधा तेथेच एकत्र जोडतात. फेजमधून जेवढा प्रवाह आत येतो तेवढाच या सांध्यातून परत जातो, ही गोष्ट विसरता कामा नये. न्यूट्रलमध्ये एकेरी बटण वा फ्यूज घालू नये, असा दंडक १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होता व त्यांच्या जागी आलेल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही तो कायम आहे. बटण चुकून न्यूट्रलवर बसले तर दिवा विझतो, परंतु होल्डर विद्युतभारितच राहतो. बटण बंद असताना एलईडी दिवा मिणमिणत असेल, तर त्याचे एक कारण हेही असू शकते.

आता सांधा सुटला तर काय होते ते पाहू. दिवा विझतो, पण बटण चालू असल्याने फेजचा दाब दिव्यातून पलीकडच्या काळ्या तारेवर येऊन थांबतो. टेस्टर लावल्यास दोन्ही तारांवर पेटतो. ‘बंद’ पडलेल्या दिव्याची ती काळी तार हातात धरणाऱ्यास पूर्ण धक्का बसतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी फळ्यावर आकृती काढून हे अवश्य समजावून द्यावे. प्रयोग मात्र मुळीच करू नये.

दुसरा दोष म्हणजे उसना न्यूट्रल. नवा दिवा लावताना फेज एका फ्यूजवरून व न्यूट्रल जवळच्या दुसऱ्याच मंडलातून घेतली जाते. मग एक फ्यूज काढून काम करणाऱ्याच्या हातातील न्यूट्रलमधून दुसऱ्या मंडलाचा प्रवाह वाहत असतो. गळती ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण बसविलेले असेल, तर ते अशा जोडणीत वारंवार तुटते आणि लोक त्या उपकरणालाच दोष देतात.

तीन फेजचा पुरवठा असलेल्या इमारतीत सामाईक न्यूट्रल तुटणे याहून गंभीर. दोन फेजमधील दाब सुमारे ४०० व्होल्ट असतो. एका फेजवर १००० वॅटचा हीटर व दुसरीवर १०० वॅटचा दिवा एवढेच चालू असले, तर न्यूट्रल तुटताच दोन्ही एकापुढे एक जोडल्यासारखे होतात. रोध तोच राहिला असे धरल्यास दिव्यावर सुमारे ३६४ आणि हीटरवर केवळ ३६ व्होल्ट येतात. दिवा, आणि त्याच्या जागी संगणक असेल तर तोही, जळून जातो.

सांधा सैल असला तरी नुकसान टळत नाही. अर्धा ओहम रोधाच्या सांध्यातून ५ अँपिअर प्रवाह गेल्यास तेथे १२.५ वॅट उष्णता निर्माण होते. लाकडी बोर्डामागच्या कोंदट जागेत ती थोडी नव्हे. तारा पिळून वर टेप गुंडाळणे म्हणजे सांधा नव्हे. योग्य मापाचा स्क्रू-कनेक्टर किंवा न्यूट्रल लिंक वापरावी, एका स्क्रूखाली चार तारा कोंबू नयेत, तांबे व ॲल्युमिनियम थेट एकत्र पिळू नयेत, आणि सांधा गिलाव्यात पुरून न टाकता उघडता येईल अशा पेटीत ठेवावा.

दुरुस्तीचे अंदाजपत्रक मंजूर करताना पंचायत सदस्यांनी दिव्यांची संख्या पाहण्याबरोबरच प्रत्येक मंडलाची न्यूट्रल स्वतंत्र आहे की नाही, हे परवानाधारक ठेकेदाराकडून चाचणी-अहवालात लिहून घ्यावे. बोर्ड भिंतीवर बसविण्यापूर्वी तो मागच्या बाजूने एकदा पाहून घेणेही कठीण नाही.