आगोटीचा हिशेब बारा महिन्यांचा

महिन्याचं बजेट ही पगारदारांची सोय आहे. एक तारखेला पैसे येतात, त्यांचे वाटे पाडायचे, पाकिटात घालून कपाटात ठेवायचे आणि महिनाअखेरीस जे उरेल त्याला बचत म्हणायचं. घरखर्चाचे जे व्हिडिओ मोबाइलवर दिसतात ते बहुतेक याच चालीवरचे असतात. शहरात ते चालतही असेल. पण रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी रस्त्यावर, आरे-वारेसारख्या ठिकाणी, बारा सारखी पाकिटं करणाऱ्या बाईची मे महिन्यात फजिती ठरलेली आहे. आमच्याकडे ती झाली, म्हणून चार गोष्टी सांगते.

आमचे हे दुसऱ्याच्या टुरिस्ट गाडीवर ड्रायव्हर आहेत. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत सीझन. पाऊस लागला, समुद्र खवळला की गाड्या रोडावतात आणि भाडीही. म्हणजे मे हा वर्षातला शेवटचा भरल्या हाताचा महिना. आणि नेमक्या त्याच महिन्यात आगोट. चार महिन्यांचं धान्य, कडधान्य, सुकी मासळी, मसाला, तेल, लाकडं, सगळं तेव्हाच भरायचं. त्याच्या पाठोपाठ जूनमध्ये शाळा. वह्या, गणवेश, रेनकोट. मग ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, घर पाहुण्यांनी भरलेलं आणि भाडं एकही नाही. खर्चाचा डोंगर जिथे, तिथेच उत्पन्नाची खाई. या वर्षाचे बारा सारखे तुकडे करणं म्हणजे भरती-ओहोटीची सरासरी काढून होडी लोटण्यासारखं आहे.

आमची फजिती झाली त्या वर्षी पाकिटं होती, त्यांवर नावं होती आणि मे महिन्याच्या पाकिटात आगोटीच्या चौथ्या हिश्श्याएवढेही पैसे नव्हते. भिशीचा भरवसा होता. पण भिशीत नंबर चिठ्ठीवर लागतो, गरजेवर नाही. आमची चिठ्ठी निघायला दिवाळी उजाडली. मग सामान आलं वाण्याच्या वहीवर. वाणी वाईट नव्हता. पण उधारीवर घेताना भाव विचारायची हिंमत राहत नाही. तो जी डाळ देईल ती डाळ, जे तेल असेल ते तेल. गणपतीचा खर्चही त्याच वहीत गेला आणि दिवाळीची पहिली भाडी ती वही फेडण्यात संपली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “अगो, पावसाला कुठे एक तारीख असते?”

तेव्हापासून आमच्या घरचं वर्ष जून ते मे असं चालतं आणि त्यात आगोटीचं खातं वेगळं. दसऱ्यानंतर पहिली भाडी आली की बँकेत आवर्ती ठेव उघडायची आणि मुदत अशी निवडायची की ती एप्रिलमध्ये संपेल. भिशी मोडा असं मी म्हणणार नाही. त्या निमित्ताने चार बायका भेटतात, तेही लागतं. पण आगोट भिशीवर ठेवू नका. लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये ज्यांना मिळतात त्यांनी ते रोजच्या खर्चात मिसळू दिले नाहीत तर वर्षाचे १८,००० होतात. आगोटीला तो मोठाच टेकू. मात्र खात्यात जमा झाल्याशिवाय ते हिशेबात धरायचे नाहीत, हे पक्कं.

दुसरी गोष्ट, वही ठेवायची ती रुपयांची नाही, वजनांची. भाव दरवर्षी बदलतात, पोटं तेवढीच राहतात. आम्ही घरात पाच माणसं. दोन्ही वेळा भात म्हटला तर दिवसाला एक किलो तांदूळ सहज लागतो. जून ते सप्टेंबर दिवस १२२. म्हणजे सव्वाशे किलो धरून चालायचं. ज्यांचं रेशनकार्ड प्राधान्य कुटुंबाचं आहे त्यांना माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं. पाच जणांचं २५, चार महिन्यांचं १००, पण त्यात गहूही असतो, हे विसरू नका. उरलेला तांदूळ कुठून आणायचा हे मेमध्ये नाही, भात झोडून झाल्यावरच ठरवावं. गावात कुणाकडे जादा भात असेल तर तेव्हा बोलून ठेवायचं आणि लागेल तसं भरडून आणायचं. भात टिकतं, तांदळाला पोरकिडे लागतात. २०२५ मध्ये पावसाच्या तोंडावर जून ते ऑगस्टचं रेशन एकदम उचलायला सांगितलं होतं. धान्य आलं खरं, पण कोरडी पिंपं नसतील तर तीन महिन्यांचं फुकट धान्यही महागात पडतं. पिंपं आधी, पोती नंतर.

तूरडाळीला एरंडेलाचा हात लावायचा, कडवे वाल आणि कुळीथ कडक ऊन देऊन, पूर्ण गार करूनच डब्यात भरायचे. गरम कडधान्य डब्यात कोंडलं की आत घाम धरतो आणि श्रावणात उघडल्यावर बुरशीचा वास येतो. मसाल्याच्या बरणीत हिंगाचा खडा. हे सगळं आपल्या आयांना ठाऊक होतं, आपण पाकिटावरची तारीख वाचून निर्धास्त होतो.

सुक्या मासळीवर थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पैसा तिथे हळूच गळतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात जो तो सोडे, जवळा, बोंबील मागत फिरतो आणि भाव सांगणाऱ्याच्या तोंडी असतो. मार्च-एप्रिलमध्ये घ्या. घेताना बोंबील वाकवून बघा. नरम वाकला तर आत ओल आहे, आणि आपण पाण्याचे पैसे देतो आहोत. खाऱ्या बांगड्यावर मिठाचा थर जाड असेल तर मिठाचेही देतो. घरी आणल्यावर पुन्हा दोन कडक उन्हं द्यायचीच. आणि सोड्यांचा मोह आवरावा. सोडे महाग, ते पाहुण्यांपुरते. रोजच्या जेवणाला कांदा घालून परतलेला जवळा किंवा वांग्यातली सुकट भाताबरोबर तितकीच लागते. (आमच्या मुलांचं मत वेगळं आहे, पण पैसे ती देत नाहीत.)

फ्रिजर भरून ठेवणं म्हणजे बेगमी, असा एक नवा समज झाला आहे. ओली मासळी, वाटलेलं खोबरं, आंब्याचा रस, सगळं बर्फात. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. झाडं पडली, खांब पडले, वीज गेली. फ्रिजरमधलं सगळं खड्डा करून पुरावं लागलं. त्याच घरात आमसुलं, फणसपोळी, कुळथाचं पीठ आणि खारवलेल्या कैऱ्या जशाच्या तशा होत्या. तेव्हापासून फ्रिजरमध्ये आठवड्यापुरतंच. कोकणात वीज पावसाळी पाहुणी आहे, तिच्या जिवावर चार महिने काढायचे नाहीत. हाच न्याय गॅसला. घरात दुसरा सिलिंडर भरलेला आहे ना हे मेमध्येच बघा आणि आंघोळीच्या बंबाची लाकडं पाऊस यायच्या आत पडवीत रचून घ्या. ओलं लाकूड फुकट मिळालं तरी धुरापलीकडे काही देत नाही.

आता कामाचं बोलू. पैशाचा हिशेब सगळ्या सांगतात, हाताचा कुणी सांगत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात आणि पुरुषांची ८८, असं निघालं. सरासरी वर्षभराची असते. तिला मे महिना माहीत नाही. पापड, आमसुलं, फणस, मसाला, कैरी आणि त्यात सुट्टीला आलेले मुंबईकर. पाच कामं एकाच उन्हात एकाच बाईने केली तर त्यातली दोन बिघडणार. माल वाया जातो तो असा, आणि तो खर्च कुठल्याच वहीत दिसत नाही.

म्हणून उन्हाचे वाटे पाडायचे. उडदाचे आणि पोह्याचे पापड, सांडगी मिरच्या फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकतात, त्यांना मेची वाट बघायचं कारण नाही. मिरची नवी असते तेव्हाच मसाला कांडून आणावा. शेवटच्या आठवड्यात कांडपावर रांग लागते आणि मिरचीही उरलीसुरली मिळते. रातांबे आणि फणस मात्र आपल्या वेळेलाच येणार, त्यांच्यासाठी मे मोकळा ठेवायचा. आमसुलांसाठी रातांब्यांची सालं रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवायची असतात. हे काम मुलांना जमतं आणि आवडतंही. कपडे लाल होतात, होऊ द्यावेत. जुने घालायचे. घरातल्या पुरुषांना पिंपं धुऊन उन्हात ठेवणं, लाकडं रचणं आणि पत्र्यावर वाळवण चढवणं ही कामं नेमून द्यावीत. “मदत करा” म्हटलं की कुणी हलत नाही. “उद्या सकाळी ही दोन पिंपं तुमची” म्हटलं की होतं.

वहीत एक रकाना बहुतेक जणी घालत नाहीत, तो म्हणजे पाहुण्यांची पिशवी. मेमध्ये आणि गणपतीत आलेला चाकरमानी रिकाम्या हाताने परत जात नाही. आमसुलं, कुळथाचं पीठ, थोडा मसाला, चार नारळ. द्यायलाच हवं, आणि देताना बरंही वाटतं. पण आपल्या चार महिन्यांच्या डब्यातून काढून दिलं की जुलैत कुळीथ संपतात आणि सगळा दोष आपल्या अंदाजाला लागतो. पिशव्यांचा माल वेगळा करा, वेगळ्या डब्यात ठेवा, खर्चाला धरा. हल्ली नारळाचा भाव बघता चार नारळ हा काही किरकोळ आहेर राहिलेला नाही.

दुकानातल्या खरेदीबद्दल थोडक्यात. मोठ्या दुकानातल्या एकावर एकच्या योजनेसाठी रत्नागिरीला जायचं असेल तर जाण्यायेण्याचं भाडं त्यात मिळवा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाणं स्वस्त झालंय. पण परतताना पिशव्या जड म्हणून रिक्षा केली की योजना रिक्षावाल्याला लागू होते. पाकिटावर किमतीशेजारी एका ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा दर छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम. शेजारी तशीच दिसणारी, थोडी स्वस्त पिशवी असते, तिच्यावरचे ग्रॅम बघा. मुलांच्या पाच-दहा रुपयांच्या पाकिटांची महिन्याची बेरीज एकदा करा. नंतर नाचणीचं सत्त्व आणि घावणे करायचा कंटाळा आपोआप जातो.

भाजीचा खर्च जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ पुसता येतो. टाकळा, फोडशी, भारंगी, अळू. डोंगर देतो. पण ओळखणाऱ्या बाईबरोबरच जा, फोटो बघून रानभाजी खुडू नये. परसात दोडका, पडवळ, भेंडी मृगात लावली तर गणपतीला येते, वानरांनी ठेवली तर. हिशेबात ती धरू नका, आली तर देवाची.

आणि एक, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घरी असणाऱ्या बाईला घरखर्चाला किती मिळतात एवढंच ठाऊक असून भागत नाही. घरात एकूण किती येतात आणि कोणत्या महिन्यात येतात, हे ठाऊक हवं. हातावर ठेवलेल्या नोटांतून आगोट कुणालाच करता येत नाही. आमच्याकडे आता सीझन सुरू असतानाच दोघं बसून मेचा आकडा ठरवतो. पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळली होती. तुमचीही अडखळेल. विचारा.

गणपतीचं विसर्जन झालं, पाहुणे गेले, की एक दुपार काढून सगळे डबे उघडायचे. काय उरलं, काय कधी संपलं, कशाला कीड लागली, वहीत लिहायचं. पुढच्या वर्षीची यादी तीच, आणि ती याच दुपारी होते. मेमध्ये आठवत बसलं तर दुप्पट येतं. ज्यांनी अजून अशी वही केलेली नाही त्यांनी गणपतीची वाट बघू नये, घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून आजच पहिलं पान लिहावं. सुकी मासळी आणि वाळवण मात्र मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत आटपा. त्यानंतर वळीव कधीही येतो.