घरगुती जळण : जगाचे तक्ते आणि आपली चूल

कोणत्या देशातील घरांत किती कोळसा जळतो, याचे तक्ते नियमितपणे प्रसिद्ध होतात. ते वाचताना एक सावधगिरी बाळगावी. वखारीतून वजन करून विकला जाणारा कोळसा हिशेबात येतो. बाई डोक्यावरून आणते त्या मोळीची पावती कोणी फाडत नाही. ती पाहणीतून, अंदाजानेच मोजावी लागते.

2011 च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे 67 टक्के कुटुंबे लाकूड, पाचट, गोवऱ्या वा कोळसा यांवर रांधत होती. त्यांत कोळसेवाली दीड टक्क्याहूनही कमी. म्हणजे कोळशाचा एकच रकाना पाहिला, तर आपल्या घरांतील धूर जवळजवळ नाहीसाच होतो! थंड देशांत दगडी कोळसा उबेसाठी जळतो. लंडनमध्ये डिसेंबर 1952 च्या धुरक्याने हजारो माणसे दगावली, तेव्हा 1956 चा कायदा झाला. पोलंडमधील क्राकोव्ह शहराने घरांत कोळसा व लाकूड जाळण्यास बंदी केली, ती 1 सप्टेंबर 2019 पासून.

आपल्याकडे आगगाडी 1853 साली ठाण्यास आणि 1854 साली कल्याणास पोहोचली. रुळांकडेला पडलेला कोळसा वेचून पेटविलेल्या शेगड्या जुन्या पिढीस अपरिचित नाहीत. चाळींत मात्र लोणारी कोळसा, भुशाची शेगडी आणि अंघोळीचा बंब यांचेच राज्य होते.

हा लोणारी कोळसा येतो कोठून? लाकडे रचून, मातीने लिंपून, अपुऱ्या हवेत ती जाळली जातात. चार-पाच किलो लाकडामागे जेमतेम किलोभर कोळसा मिळतो. ठाणे-रायगडातील कातकरी कुटुंबे उचल घेऊन पावसाळ्यानंतर भट्ट्यांवर जातात, आणि मुलांची शाळा तेथेच तुटते. शहरातील बिनधुराच्या निखाऱ्याची ही खरी किंमत होय. निवासी शाळेचे प्रयोजन आम्हांस येथे सर्वाधिक जाणवते : आईबाप भट्टीवर असले तरी मूल वर्गात राहू शकते.

शिवाय, धूर नाही म्हणून निखारा निर्धोक नव्हे. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्यास रंग नाही, वास नाही. शेगडी पेटती ठेवून दारे-खिडक्या लावून झोपणे प्राणघातक ठरते.

साध्या चुलीत लाकडाची आठवा हिस्सा उष्णताही भांड्यास धड लागत नाही. गॅसची निम्म्याहून अधिक लागते. या हिशेबाने 14.2 किलोची एक टाकी सुमारे 200 किलो लाकडाचे काम करते. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि जोडण्या झोपडीपर्यंत पोहोचल्या. पण जोडणी एकदाच घ्यावयाची असते, टाकी पुनःपुन्हा भरावी लागते. रोजंदारीच्या घरात ती रक्कम एकदम निघत नाही. म्हणून टाकीशेजारी चूल टिकून राहते, आणि तक्त्यात ते घर ‘गॅसधारक’ ठरते. वस्तीत पाहणीस जाणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी ‘गॅस आहे का?’ एवढ्यावर न थांबता, गेल्या वर्षात किती टाक्या भरल्या, हेही विचारावे.