जुन्या गीतांची राखण

(अभ्यासपाठ)

उपासनेतील जुने संगीत कशाने टिकते व कशाने हरवते, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत. त्यासाठी इंग्लंडातील एका नभोवाणी कार्यक्रमाचे उदाहरण आम्ही निवडले आहे. त्याचे नाव 'कोरल इव्हन्साँग', म्हणजे गायकवृंदाने गायिलेली सायंप्रार्थना. बीबीसीने ती ७ ऑक्टोबर १९२६ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतून प्रथम ऐकवली. आजही ती दर आठवड्याला, कधी या कॅथीड्रलातून तर कधी त्या कॉलेजच्या चॅपेलमधून, बहुधा उपासना चालू असतानाच ऐकवली जाते. तीत नव्या रचनाही असतात. परंतु सोळाव्या व सतराव्या शतकांतील संगीत हा तिचा मोठा ठेवा आहे.

१. हे संगीत कोठून आले?

१५४९ साली इंग्लंडच्या मंडळीचे प्रार्थनापुस्तक इंग्रजी भाषेत निघाले. पूर्वीच्या संध्याकाळच्या व रात्रीच्या अशा दोन उपासना एकत्र करून त्यात सायंप्रार्थना तयार केली होती. मरीयेचे स्तोत्र (लूक १:४६-५५) व शिमोनाचे स्तोत्र (लूक २:२९-३२) ही दोन गीते तीत नेमलेली आहेत. टॉमस टॅलिस, विल्यम बर्ड, ऑर्लँडो गिबन्स यांसारख्या संगीतकारांनी ती स्वरबद्ध केली. यांपैकी बर्ड हा स्वतः रोमन कॅथलिक होता. तरी प्रॉटेस्टंट राणी एलिझाबेथच्या चॅपेलसाठी त्याने सुंदर रचना केल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

२. ते हरवले कसे?

त्या काळी सर्व आवाजांचे स्वर सहसा एकत्र लिहीत नसत. प्रत्येक गायकापुढे केवळ आपल्या आवाजाची वही असे. एक वही गहाळ झाली की सबंध रचना अपुरी राही. पुढे यादवी युद्धात, १६४५ साली, पार्लमेंटाने प्रार्थनापुस्तकावर बंदी घातली. कॅथीड्रलांचे गायकवृंद मोडले, अनेक ठिकाणी ऑर्गन फोडले गेले, पुष्कळ वह्या नाहीशा झाल्या. १६६० साली राजसत्ता परत आली व उपासना पुन्हा सुरू झाली. पण कित्येक रचना विस्मरणात गेल्या त्या गेल्याच. बर्डची 'ग्रेट सर्व्हिस' ही दहा आवाजांची भव्य रचना अशीच लोपली होती. १९२२ साली एडमंड फेलोज या पाळकांना ती डरहॅम कॅथीड्रलातील जुन्या हस्तलिखित वह्यांत सापडली.

३. ऐकणाऱ्यांचा वाटा

सापडलेली रचना छापली, तरी काम पुरे होत नाही. ती कोणी गायिली पाहिजे व कोणी ऐकली पाहिजे. आडवारच्या उपासनेला कॅथीड्रलात माणसे थोडी असली, तरी नभोवाणीमुळे ती घरोघरी, आजाऱ्याच्या खाटेपर्यंतही पोहोचते. १९७० साली बीबीसीने हा साप्ताहिक कार्यक्रम महिन्यातून एकदाच ठेवला. तेव्हा श्रोत्यांनी सुमारे २,५०० निषेधपत्रे पाठवली आणि त्याच वर्षी १ जुलैपासून तो पुन्हा दर आठवड्याला होऊ लागला. फेलोज यांनी शोधले, गायकांनी गायिले, आणि ऐकणाऱ्यांनी ते बंद पडू दिले नाही. या तिघांपैकी एकाचीही उणीव असती, तर काम अडले असते.

४. आपल्यासाठी बोध

आपल्या गीतपुस्तकांत शब्द छापलेले असतात. देशी चाली मात्र पुष्कळदा वडीलधाऱ्यांच्या कंठातच असतात. अशा एखाद्या आजीबाई प्रभुवासी झाल्या, की एक वही गहाळ झाली असे समजावे. कॅसेट, मोबाईल, काही का असेना, त्यांचा आवाज नोंदून ठेवणे आज कठीण नाही. परंतु नोंदलेली चाल पेटीत पडून राहिली, तर तीही एक न उघडलेली वहीच ठरेल. ती तरुणांनी शिकावी व रविवारी मंडळीने म्हणावी, असे आम्हांस वाटते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत एकदोघांनाच येणाऱ्या चाली कोणत्या?
२. त्या शिकण्यासाठी महिन्यातून एक संध्याकाळ कोण देईल?
३. एखादे जुने गीत उपासनेतून गळाले, तर ते पुन्हा म्हणावे असे आपल्यापैकी कोण सांगते?