दाव्यात कोणाकोणाला घ्यायचं? बिदरकडच्या वकिलीतले अनुभवाचे बोल

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागातल्या दिवाणी दाव्यांत माझं वकिलीचं आयुष्य गेलं. आमचा पक्षकार घरात मराठी बोलतो, त्याची पहाणी (सातबाऱ्यासारखा जमिनीचा उतारा) कन्नडमध्ये असते, आजोबांच्या काळातले कागद उर्दूत असतात आणि निम्मे सोयरे उदगीर, निलंगा, देगलूर, उमरग्याला. १ नोव्हेंबर १९५६ ला जुना बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी-औराद म्हैसूर राज्यात आले. कितीतरी घरांची शेती आणि नाती मात्र दोन्हीकडे राहिली. त्यामुळे आमच्याकडे दावा जिंकण्या-हरण्याचा निम्मा निकाल पहिल्याच पानावर लागतो: पक्षकार कोण केले आणि मागण्या कोणत्या जोडल्या. त्याबद्दल जे शिकलो ते इथे मांडतो.

१. आधी वंशावळ, मग दावा

वाटणीसाठी माणूस येतो तो एकाच भावावर चिडून येतो. "दोघंच आहोत साहेब, तो आणि मी." मी कोरा कागद घेतो आणि पणजोबांपासून सुरुवात करतो. त्यांना मुलं किती? बायका किती? दुसरीची लेकरं? यातला कोण वारला, कधी, मागे कोण? नावं हळूहळू निघतात. दत्तक गेलेला चुलता निघतो, लहानपणीच अनाथ झालेला पुतण्या निघतो. आत्या आणि बहिणी सगळ्यात शेवटी, तेही मी विचारल्यावरच. "त्या काही मागत नाहीत." मागत नाहीत हे त्यांनी स्वतः कोर्टापुढे सांगायचं असतं, भावाने त्यांच्या वतीने सांगून चालत नाही.

नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळणारा वंशवृक्षाचा दाखला जरूर जोडावा, पण त्यावर विसंबू नये. अर्जदाराने जी नावं दिली तीच बहुधा त्यात उतरतात.

२. बहीण सुटली की दावा सुटला

कर्नाटकाने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद संपला. बाप त्या दिवशी हयात होता का, हा वाद पुढे बरीच वर्षं चालला. विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तोही मिटवला: हक्क जन्माने आहे, बाप हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी तेवढी शाबूत राहते. "आमची वाटणी बांधावर पंचांसमोर झाली होती" हे म्हणणं सिद्ध करणं आता फार अवघड आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर १ रूल ९ वरवर दिलासा देतो. एखादा पक्षकार राहिला म्हणून दावा बुडत नाही, असं तो सांगतो. पण १९७६ च्या दुरुस्तीने त्याला एक परंतुक जोडलं: जो आवश्यक पक्षकार आहे त्याच्याबाबतीत ही सवलत नाही. वाटणीच्या दाव्यात प्रत्येक हिस्सेदार आवश्यक असतो.

म्हैसूरकडचा एक जुना खटला मी तरुण वकिलांना नेहमी सांगतो, कनकरत्नम्मल विरुद्ध लोगनाथ मुदलियार. आईच्या मिळकतीसाठी मुलीने दावा लावला. मिळकत आईचीच होती हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. पण तिचे दोन भाऊही वारस होते आणि तिने त्यांना पक्षकार केलं नव्हतं. तेवढ्यावर दावा गेला. न्यायालयाने हळहळ व्यक्त केली, निकाल मात्र बदलला नाही. तिथे बहीण भावांना विसरली, आमच्याकडे भाऊ बहिणींना वगळतात, फरक एवढाच.

३. मिळकत सगळी दाखवा, हद्दीपलीकडचीही

औराद तालुक्यात कोरडवाहू आणि देगलूर तालुक्यात बागाईत, अशी एकाच घराची जमीन असू शकते. माणूस म्हणतो, इथलीच वाटू, तिकडचं नंतर बघू. असं करू नये. एकत्र कुटुंबाची मिळकत तुकड्यातुकड्याने वाटून मागता येत नाही, आणि ऑर्डर २ रूल २ प्रमाणे एकाच कारणातून निघणारी मागणी अर्धी सोडली तर ती पुन्हा मागायची वाट बंद होऊ शकते. मागच्या वर्षांचं उत्पन्न, विहिरीतला हिस्सा, घरजागा, सगळं त्याच दाव्यात घ्यावं.

दोन राज्यांतल्या जमिनीसाठी दोन दावे लागतील ही भीती खोटी आहे. संहितेच्या कलम १७ प्रमाणे जिथे काही मिळकत आहे अशा कोणत्याही एका कोर्टात सगळ्या मिळकतीचा दावा लावता येतो. मात्र दाव्याचं कारण एक हवं. शिवनारायण विरुद्ध माणिकलाल हा २०१९ चा निकाल वाचावा. इंदूर आणि मुंबईच्या मिळकतींबद्दलच्या वेगवेगळ्या व्यवहारांना एकाच दाव्यात बांधायचा प्रयत्न त्यात फसला. देगलूरची जमीन भावाने परस्पर विकली असेल तर खरेदीदारालाही पक्षकार करा आणि दोन्ही गोष्टी एका धाग्यात कशा येतात ते दाव्यात स्पष्ट लिहा.

४. समन्सचा प्रवास

प्रतिवादी बहीण उदगीरला राहते. समन्स इथल्या कोर्टातून तिथल्या कोर्टाकडे जातं, तिथला बेलिफ बजावतो आणि अहवाल मराठीत लिहितो. कलम २८ प्रमाणे त्याला हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून तो इकडे यायला हवा. ते भाषांतर राहून गेलं की तारीख पडते. पत्त्यात "मु. पो." लिहून भागत नाही. वाडी, तांडा, नवऱ्याचं पूर्ण नाव आणि शेजारचं ठळक ठिकाण लिहा. या साध्या कामात दाव्यांची वर्षं जातात, म्हणून मी पत्ते स्वतः फोन करून तपासतो.

५. ज्याचं नुकसान होणार, तो आत हवा

आम्ही निजामाच्या मुलखातले, म्हणून रझिया बेगम खटला मला जवळचा वाटतो. निजाम मीर उस्मान अली खान यांचे धाकटे पुत्र मुअज्जम जाह यांची आपण लग्नाची बायको आहोत असं ठरवून मागायला रझिया बेगमने दावा लावला. प्रतिवादी प्रिन्सने सगळं कबूल केलं. वादी मागते, प्रतिवादी मान्य करतो, मग भांडण उरलं कुठे? पण प्रिन्सची पत्नी अन्वर बेगम आणि तिचा मुलगा पुढे आले: या निकालाने आमचा दर्जा आणि वारसा ठरणार आहे, आम्हाला आत घ्या. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पक्षकार करणं योग्य ठरवलं. दोन भाऊ आपसात तडजोड करून बहिणीला बाहेर ठेवतात तेव्हा मला हाच निकाल आठवतो.

६. उगीच गर्दी नको

शेजारच्या बांधाचं जुनं भांडण आहे म्हणून शेजाऱ्यालाही वाटणीच्या दाव्यात ओढायचं, हा हट्ट सोडायला लावतो. त्याचा वाद वेगळा, त्याचा दावा वेगळा.

७. सरकार म्हणजे तहसीलदार नव्हे

पहाणीत सरकारी नोंद लागली की लोक तहसीलदारावर दावा लावायला निघतात. पक्षकार कर्नाटक राज्य असतं. कलम ८० ची नोटीस देऊन दोन महिने थांबावं लागतं. फारच तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन आधी लावता येतो. गायरान किंवा स्मशान सगळ्या गावाचं असेल तर ऑर्डर १ रूल ८ ने परवानगी घेऊन, जाहीर नोटीस देऊन चार जणांनी गावाच्या वतीने दावा लावावा.

८. ज्या दाव्यात तुम्हाला जागाच नाही

"साहेब, सीमेच्या केसमध्ये आमच्या गावाचं नाव घालता येईल का?" हा प्रश्न भालकीकडचे वडीलधारे मला कळवळून विचारतात. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, मूळ दावा क्रमांक ४. प्रतिवादी भारत सरकार आणि कर्नाटक. बेळगाव-कारवारबरोबर बिदर-कलबुर्गीकडची गावंही त्यात आहेत, एकूण ८६५ गावांवर महाराष्ट्राचा हक्क सांगितलेला आहे. पण हा दावा राज्यघटनेच्या कलम १३१ खालचा. तिथे पक्षकार होतात फक्त केंद्र आणि राज्यं. बिहारने गंडक प्रकल्पासाठी मागवलेलं लोखंड कमी पोचलं म्हणून कलम १३१ खाली दावे लावले आणि केंद्राबरोबर हिंदुस्तान स्टील कंपनीलाही प्रतिवादी केलं. न्यायालयाने १९६९ मध्ये सांगितलं की असा पक्षकार आला की ते दावे या कलमात बसत नाहीत. मग गावकऱ्याला तिथे जागा कुठून मिळणार? ज्यांच्या शाळेचा, पहाणीच्या भाषेचा, रोजच्या व्यवहाराचा प्रश्न आहे त्यांचं म्हणणं राज्याच्या तोंडूनच जावं लागतं. मला ही कायद्याची रचना समजते, तरी तिची खंत वाटते.

९. माणसं मरतात, दावा चालू असतो

२००८ मध्ये कलबुर्गीला उच्च न्यायालयाचं पीठ आलं आणि अपिलासाठी बेंगळुरूला जायचं वाचलं. दाव्यांचं आयुष्य मात्र अजून लांबच आहे, आणि तेवढ्यात म्हातारे पक्षकार जातात. मृत्यूपासून ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर आणावे लागतात. नाही आणले तर त्या माणसापुरता दावा आपोआप बंद पडतो, आणि तो उघडून घ्यायला पुढे ६० दिवस मिळतात. त्यानंतर उशिराची माफी मागत फिरावं लागतं. नव्याने आणलेल्या पक्षकाराविरुद्ध दावा त्याला आणल्या दिवसापासून लागला असं मुदतीचा कायदा साधारणपणे मानतो, म्हणून सुरुवातीला राहिलेलं नाव पुढे कधीही घालू असं समजू नका. दाव्यातलं कोणी वारलं, मग तो तुमचा प्रतिवादी चुलता का असेना, तर दहावा-तेरावा उरकताच मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं-पत्ते घेऊन वकिलाकडे या. त्यात लेकींची नावं पहिली लिहा.