पिन बसली म्हणजे जमले असे नाही
(बाहेरच्या बनावटीच्या बॅटरीवरील वस्तू चार्ज करताना घ्यावयाची काळजी)



या पानावर आपण एरवी बेणेप्रक्रिया, खतांच्या मात्रा, खोडवा आणि पाचट यांविषयी बोलतो. या खेपेस विषय वेगळा आहे, पण तो आपल्या गोठ्यातला, शेडमधला आणि उसाच्या फडातलाच आहे. हाताने दांडा मारायचा पंप मागे पडून पाठीवरचा बॅटरी पंप घरोघर आला. रात्रीच्या पाळीला पाणी पाजायला डोक्याला बांधायचा टॉर्च आला, डास मारायची बॅट आली, काहींच्या दारात विजेवरची दुचाकीही आली. यातील बराच माल परदेशी बनावटीचा असतो. काही बाजारातून येतो, काही आखातात कामाला असलेला भाऊ-भाचा सुट्टीला येताना आणतो. वस्तू उपयोगाच्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या चार्जरचा आणि प्लगचा.

प्रथम माझीच चूक सांगतो. माझ्या घरी दोन बॅटरी पंप आहेत. एक जुना, जड बॅटरीचा. दुसरा नवा, हलका, लिथियम बॅटरीचा. नव्या पंपाच्या चार्जरची वायर उंदरांनी कुरतडली. सकाळी तणनाशक मारायचे होते, म्हणून रात्री जुन्या पंपाचा चार्जर नव्याला लावला. गोल पिन बरोबर बसली, लाल दिवाही लागला. मी निर्धास्त झोपलो. पहाटे मंडळी धार काढायला उठल्या आणि हाक मारली, "अहो, गोठ्यात कसला उग्र वास येतोय बघा!" जाऊन पाहतो तो बॅटरी फुगून पंपाचा तळ तडकलेला, हात लावू नये इतका गरम. दोन हातांवर कडब्याची गंजी आणि दावणीला दोन जनावरे. मेन स्विच बंद केला, फावड्याने पंप ओढत अंगणात नेला. पुढे आणखी अर्धा तास गेला असता तर काय झाले असते, हे लिहायला नको. दुसऱ्यांना सल्ला देणाऱ्या माणसाच्या घरी हे घडले, म्हणून हा लेख.

चूक कुठे झाली?

दोन्ही पंपांवर "१२ व्होल्ट" असेच लिहिलेले होते. पण जुन्या शिशाच्या बॅटरीचा चार्जर साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चढतो, कारण त्या बॅटरीला तेवढे लागते. लिथियमचे तीन सेल जोडून केलेली बॅटरी १२.६ व्होल्टला पूर्ण भरते. त्यापुढे रेटले तर तिच्या आत उष्णता वाढते, वायू होतो, ती फुगते आणि पेटूही शकते. चांगल्या पंपात जादा चार्ज तोडणारी पट्टी असते. हलक्या मालात ती कमअस्सल असते किंवा नसतेच.

ठिबकवाल्या सभासदांना हे लगेच समजेल. व्होल्ट म्हणजे दाब आणि अँपिअर म्हणजे प्रवाह. नळीचे तोंड जुळले म्हणून ठिबकच्या नळीला मोटारीचा सगळा दाब आपण थेट देत नाही. चार्जरचेही तसेच आहे. लिथियममध्येही प्रकार आहेत, प्रत्येकाचे व्होल्ट वेगळे. म्हणून ज्या वस्तूचा चार्जर त्याच वस्तूला, हा पहिला नियम. घरी दोन-चार चार्जर असतील तर प्रत्येकावर रंगाने खूण करावी आणि तीच खूण त्या वस्तूवर करावी. चार्जर हरवला तर नवा घेताना वस्तू सोबत न्यावी. प्रकार, व्होल्ट आणि प्लस-मायनस तिन्ही जुळले तरच घ्यावा.

लेबल वाचायची सवय

चार्जरवर बारीक अक्षरात दोन ओळी असतात. "इनपुट" म्हणजे भिंतीतून काय घेतो आणि "आउटपुट" म्हणजे बॅटरीला काय देतो. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. इनपुटपुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे असेल तर तो आपल्याकडे चालतो. नुसते ११० किंवा १२० व्होल्ट असेल तर तो अमेरिकेसारख्या देशासाठी केलेला आहे. जपानमध्ये तर १०० व्होल्टच असतात. असा चार्जर आपल्या बोर्डात लावला की दुप्पट दाब बसतो आणि तो जळतो, कधी फुटतोही.

मागे एका शेतकरी मेळाव्यानंतर एका बुजुर्ग सभासदांनी मला अडवले. "साहेब, दुकानातनं बदली प्लग आणलाय. आता पिन बसतीय की! मग काय अडचण?" मी म्हटले, "तात्या, बदली प्लगने फक्त पिनेचा आकार बदलतो. आतली वीज आहे तीच राहते." ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. व्होल्ट कमी करायला ट्रान्सफॉर्मर लागतो, दहा-वीस रुपयांच्या प्लगने ते काम होत नाही.

ज्या चार्जरवर काहीच छापलेले नाही तो घेऊच नये. मोबाइल-संगणकासारख्या वस्तूंच्या अडॅप्टरसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी २०१२ च्या आदेशाने सक्तीची झाली. अशा मालावर मानकाची खूण आणि "आर" अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो खरा की खोटा हे ब्युरोच्या "बीआयएस केअर" या मोबाइल ॲपवर टाकून पाहता येते. घरातल्या कॉलेजच्या मुलाला सांगितले तर दोन मिनिटांत होते.

सैल पिन आणि तिचा हिशेब

आपल्या ५ अँपिअरच्या प्लगच्या पिना गोल आणि सुमारे ५ मिलिमीटर जाडीच्या असतात. युरोपच्या प्लगच्या पिना ४ किंवा ४.८ मिलिमीटरच्या. दोन पिनांमधले अंतर दोन्हीकडे सारखेच, १९ मिलिमीटर. त्यामुळे तो प्लग आपल्या बोर्डात जातो खरा, पण सैल बसतो. अमेरिकन पद्धतीच्या चपट्या पिना सर्व-आकारी सॉकेटात जातात, पण त्याही हलतात. मग कोणी कागदाची घडी घालते, कोणी नुसत्या उघड्या तारा खुपसून आगपेटीच्या काड्या ठोकते. हे करू नये.

हिशेब मांडू. विजेच्या दुचाकीचा ७५० वॅटचा चार्जर सुमारे ३.३ अँपिअर ओढतो. सैल जागी २ ओहमचा अडथळा झाला तर तेथे ३.३ गुणिले ३.३ गुणिले २, म्हणजे जवळजवळ २२ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची कथील वितळवायची सळई २५ वॅटची असते. म्हणजे आपण बोर्डात एक तापलेली सळई तासन्‌तास ठेवली! यात फ्यूज उडत नाही की एमसीबी पडत नाही, कारण ओढलेला प्रवाह जादा नसतोच. "फ्यूज शाबूत आहे, म्हणजे सगळे ठीक" हा समज म्हणूनच खोटा. पंपाचा चार्जर वीज कमी ओढतो, पण सैल पिनेत ठिणगी तिथेही पडते. प्लग काळवंडला, तडतड आवाज आला, जळका वास आला किंवा पिन हाताला गरम लागली, तर बटन बंद करून तो वापरातून काढावा.

तिसरी पिन आणि उघडा टॉर्च

पत्र्याच्या अंगाच्या वस्तूला तिसरी पिन असते ती अर्थिंगची. ती कापून किंवा वाकवून दोन पिनेवर वस्तू चालवू नये. युरोपच्या प्लगची अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांना असते, ती आपल्या बोर्डात कशालाच टेकत नाही. म्हणजे तो प्लग अर्थिंगचा असूनही आपल्याकडे बिनअर्थिंगचाच ठरतो. दोन पिनेचा चार्जर चालतो, पण त्यावर चौकोनात चौकोन अशी दुहेरी आवरणाची खूण असावी.

घडीच्या पिनेचे स्वस्त टॉर्च आणि डासांच्या बॅटी यांत पुष्कळदा ट्रान्सफॉर्मर नसतो. भिंतीतली वीज एका कपॅसिटरमधून सरळ आत येते. म्हणजे चार्जिंग चालू असता आतला प्रत्येक धागा जिवंत तारेसारखा. वरचे प्लास्टिक तडकलेले असेल, हात ओला असेल, तर करंट बसलाच. अशी वस्तू चार्जिंगला असताना हातात घेऊ नये, पेटवू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. काढल्यावरही तिच्या पिनांना लगेच बोट लावू नये, कपॅसिटरमध्ये झटक्यापुरती वीज उरलेली असते.

कोप्यांमधील धोका

आता सर्वांत महत्त्वाचे. हंगामात ऊसतोडणी मजुरांच्या कोप्या आपल्या रानात पडतात. चटई, पाचट आणि प्लास्टिकच्या त्या कोप्यांत मोबाइल, टॉर्च चार्ज करायला मोटारीच्या पेटीतून वायर ओढली जाते. स्टार्टरमधून चुकून दोन फेज घेतले तर २३० ऐवजी ४०० हून अधिक व्होल्ट मिळतात. कुठे एक फेज घेऊन न्यूट्रलसाठी जमिनीत सळी ठोकतात. त्या सळीभोवतालची ओली जमीन माणसाला आणि जनावराला मारू शकते. कोपीत लेकरे झोपलेली असतात. दहा-वीस रुपयांच्या सैल प्लगची एक ठिणगी पाचटावर पडली तर कोपी वाचवायला वेळ मिळत नाही.

सबब ज्या सभासदांच्या रानात कोप्या पडतात त्यांनी घराच्या किंवा पक्क्या खोलीच्या भिंतीवर, अधिकृत जोडणीवरून, लायसनवाल्या वायरमनकडून एक बोर्ड बसवून घ्यावा. त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा आणि त्याचे टेस्ट बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मजुरांनी चार्जिंग तेथेच करावे. खर्च एकदाच होतो. आपला ऊस वेळेवर तोडून देणाऱ्या माणसांसाठी एवढे करणे आपले कर्तव्य आहे.

थोडक्यात

१. ज्या वस्तूचा चार्जर त्याच वस्तूला. रंगाची खूण करावी.
२. इनपुटमध्ये २३० किंवा २४० व्होल्ट बसत असतील तरच लावावे. बदली प्लगने व्होल्ट बदलत नाहीत.
३. प्लग घट्ट बसावा. एका मल्टिप्लगवर चार-चार चार्जर लटकवू नयेत.
४. फवारणीनंतर पंप धुऊन, पुसून, पूर्ण वाळल्यावरच चार्जिंगला लावावा.
५. चार्जिंग फरशीवर, उघड्या हवेशीर जागी, डोळ्यांसमोर करावे. कडबा, पाचट, डिझेल, खताची पोती आणि अंथरूण यांपासून दूर. रात्रभर लावून झोपू नये.
६. फुगलेली, पडून चेपलेली किंवा भिजलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करू नये.
७. आग लागल्यास आधी मेन स्विच बंद करावा. वीज तुटल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारू नये. ती तुटल्यावर मात्र बॅटरीवर लांबून भरपूर पाणी मारावे.
८. कोणाला करंट लागला तर त्यास हात लावू नये. मेन बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूस करावी आणि १०८ ला फोन करावा.

ज्यांना आपल्या चार्जरवरील लेबल समजत नाही त्यांनी चार्जर आणि वस्तू घेऊन गट ऑफिसात यावे. तेथील शेतकी मदतनीस ते वाचून देतील. माती परीक्षणासाठी आपण जसे न लाजता येता, तसेच यासाठीही यावे. मी एका रात्री विचारले असते तर माझी बॅटरी वाचली असती. सुदैवाने गोठा वाचला.

आपला,
ऊस विकास अधिकारी