खेळाडूंचा खांदा व हात : दुखापती, उपचार आणि दक्षता

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील नांदगाव पेठ आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. परंतु या परिसराचा खेळांशी असलेला संबंध कारखान्यांहून जुना आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया वैद्य बंधूंनी १९१४ साली घातला. पुढे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. मल्लखांब, कुस्ती आणि कबड्डी या तिन्ही प्रकारांत शरीराचा भार किंवा प्रतिस्पर्ध्याचा जोर वारंवार खांद्यावर येतो.

दंडाच्या हाडाचे गोल डोके फऱ्याच्या उथळ खोबणीत बशीवरील लिंबाप्रमाणे टेकलेले असते. म्हणूनच हात सर्व दिशांना फिरतो, आणि म्हणूनच तो निखळतोही. डोके जागेवर राखण्याचे काम मुख्यतः भोवतालचे चार लहान स्नायू करतात. कबड्डीत साखळीतील गड्याचा हात बाजूस व मागे ओढला गेला म्हणजे डोके बहुधा पुढच्या बाजूस निसटते. खांद्याची गोलाई नाहीशी होते व हात अंगाशी आणता येत नाही.

निखळलेला खांदा बसविण्याची विद्या आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत काखेत मुसळ देऊन सांधा उचलण्याची व नंतर स्वस्तिकबंध बांधण्याची रीत सांगितली आहे. तथापि मैदानावर सोबत्यांनी हात ओढून पाहणे हा त्या विद्येचा वारसा नव्हे. सांध्यालगत हाड मोडलेले असू शकते, दंडाच्या बाहेरील भागास संवेदना देणारी नस दबलेली असू शकते. क्ष-किरण चित्र घेतल्यावाचून हे कळत नाही. हात ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत उपरण्याच्या झोळीत ठेवावा, खेळाडूस काही खाऊ घालू नये आणि रुग्णालय गाठावे. सांधा बसल्यावर हात एक ते तीन आठवडे झोळीत राहतो. खरे काम त्यानंतरच्या व्यायामाचे असते. विशीच्या आतील खेळाडूंत अर्ध्याहून अधिक जणांचा खांदा पुन्हा निखळतो. अशांनी शस्त्रक्रियेबाबत अस्थिशल्यतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

याहूनही घातक दुखापत लहान मुलांची आहे. मल्लखांबावरून अथवा झाडावरून पसरल्या हातावर पडलेल्या मुलाचे हाड कोपराच्या किंचित वर मोडते. त्यावर तेल चोळून बांबूच्या कामट्या घट्ट आवळण्याची पद्धत खेड्यांतून अद्याप आढळते. आतली सूज वाढते, बाहेरचा बंध सैल होत नाही आणि रक्तपुरवठा तुटतो. बोटे पांढरी वा थंड पडणे, मुंग्या येणे, बोटे सरळ करताना असह्य कळ येणे ही लक्षणे दिसताच सर्व बंध सोडावेत. काही तासांतच स्नायू मरू लागतात व हात जन्मभर आखडलेला राहतो. येथे उद्या सकाळची वाट पाहणे परवडत नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी.

साध्या मुरगळीत पहिले दोन दिवस शेक व मालीश वर्ज्य समजावे. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. बर्फ नसल्यास माठाच्या पाण्याची पट्टी चालते.

काही दुखापती एका झटक्याने होत नाहीत. सचिन तेंडुलकर यास २००४ मध्ये कोपराच्या ‘टेनिस एल्बो’ने खेळापासून दूर राहावे लागले. भालाफेकपटू नीरज चोप्रा याच्या कोपरावर २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि २०२१ मध्ये टोकियोत त्याने ८७.५८ मीटर फेकीने सुवर्णपदक मिळविले. टेनिस एल्बोत स्टेरॉइडच्या सुईने तात्पुरता आराम पडतो, मात्र वर्षअखेरीस सुई घेतलेल्यांची प्रकृती न घेतलेल्यांहून चांगली नसते, असे अभ्यासांत आढळले आहे. हळूहळू भार वाढवीत केलेला मनगटाचा व्यायाम अधिक उपयोगी ठरतो.

प्रतिबंधाचा विचार करता, नॉर्वेतील हँडबॉल खेळाडूंवरील २०१७ च्या अभ्यासात आठवड्यातून तीनदा दहा मिनिटांच्या व्यायामाने खांद्याच्या तक्रारींची शक्यता २८ टक्क्यांनी घटली. आपल्या तालमीत दंडांची संख्या अभिमानाने मोजली जाते. त्याने छाती भरते, पण फऱ्यामागचे स्नायू तेवढे पोसले जात नाहीत. हलकी मुद्गलजोडी सावकाश फिरविणे हा त्यावर जुना उपाय आहे. सायकलची जुनी ट्यूबही पुरेशी होते. ती कोपराच्या उंचीवर खांबाला बांधावी, कोपर बरगडीशी टेकवून हात पोटाकडून बाहेरच्या दिशेने सावकाश न्यावा व तितक्याच सावकाश परत आणावा. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या दोन्ही हातांनी कराव्यात, आणि वेदना झाल्यास त्याच ठिकाणी थांबावे.